मुदतीची मदत : महासाथीनंतरची अमेरिका

२१ मार्च २०२० रोजी संपलेल्या आठवड्यात अमेरिकेत बेकारभत्त्यासाठी तीस लाखांच्या वर अर्ज आले. त्याआधीचा एका आठवड्याचा उच्चांक ऑक्टोबर १९८२ मधला होता, सुमारे सात लाखांचा. पुढच्या आठवड्यात आकडा साठ लाखांपलीकडे गेला. फेब्रुवारीत बेकारीचा दर साडेतीन टक्के, म्हणजे पन्नास वर्षांतला नीचांक होता. एप्रिलमध्ये तो जवळजवळ पंधरा टक्के झाला. मार्च आणि एप्रिल मिळून सुमारे २ कोटी २० लाख नोकऱ्या गेल्या.

हे पुस्तक व्हाइट हाउसमधल्या पत्रकार परिषदांपासून सुरू करता आले असते. आपल्याकडच्या वाचकांना त्या काळातली अमेरिका आठवते ती बहुतेक त्याच दृश्यांतून. तरीही पहिले प्रकरण या अर्जांना दिले आहे, कारण पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेच्या राजकारणात आणि अर्थकारणात जे जे घडले त्याची बीजे मला त्या अर्जांत सापडतात. लोकांना सरकारची अशी थेट गरज पडली, सरकारने कधी नव्हे एवढा हात सैल सोडला, आणि मग तो हात एकेका तारखेला ठरल्याप्रमाणे मागे घेतला. मदत आली तेव्हा ती कुणाच्या नावावर जमा झाली, गेली तेव्हा राग कुणावर निघाला, हा या पुस्तकाचा विषय आहे.

बेकारभत्ता ही अमेरिकेत राज्यांची जबाबदारी. पन्नास राज्यांचे पन्नास नियम, पन्नास संगणक. त्यांतले कित्येक संगणक जुनाट. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांना जाहीर आवाहन करावे लागले की, कोबोल ही संगणकभाषा जाणणारे स्वयंसेवक हवे आहेत. वायटूकेच्या, म्हणजे सन २००० च्या संगणक-अडचणीच्या, काळात ज्या कोबोलच्या बळावर पुण्या-मुंबईचे कितीतरी तरुण अमेरिकेला गेले आणि त्याच न्यू जर्सीत स्थिरावले, ती भाषा वीस वर्षांनंतरही राज्याच्या कारभाराच्या तळाशी होती आणि ती येणारी माणसे निवृत्त झाली होती.

ही तांत्रिक तपशिलाची गोष्ट वाटेल, पण तिच्यातून एक मोठा राजकीय वाद जन्माला आला. अमेरिकी संसदेला, म्हणजे काँग्रेसला, बेकार झालेल्यांना त्यांच्या आधीच्या पगाराइतकी भरपाई द्यायची होती. प्रत्येकाचा पगार पाहून रक्कम ठरवणे राज्यांच्या संगणकांना झेपणार नाही, असे लक्षात आले. म्हणून सरासरी पगार आणि सरासरी भत्ता यांच्यातला फरक काढून सरसकट आठवड्याला ६०० डॉलर जादा देण्याचे ठरले. सरासरीचा हिशेब बरोबर होता. पण भत्ता घेणारा माणूस सरासरी नव्हता. नोकऱ्या गेल्या त्या प्रामुख्याने हॉटेलांत, दुकानांत, सलूनमध्ये काम करणाऱ्या कमी पगाराच्या लोकांच्या. परिणामी शिकागो विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार भत्ता घेणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांना कामावर असताना मिळत होते त्याहून जास्त पैसे मिळू लागले. ‘सरकार लोकांना घरी बसायचे पैसे देते’ ही तक्रार तेव्हापासून सुरू झाली आणि पुढे प्रत्येक निवडणुकीत ऐकू आली. एखाद्या बाईला महिनाभर वाढप करून मिळत होते त्यापेक्षा बेकारभत्त्यात अधिक मिळाले, तर दोष भत्त्याचा की तिच्या आधीच्या पगाराचा, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला. मला तो विचारणे आवश्यक वाटते.

नोकरीबरोबर आणखी एक गोष्ट जात होती. अमेरिकेत कामकरी वयातल्या बहुसंख्य लोकांचा आरोग्यविमा मालकामार्फत असतो. म्हणजे शंभर वर्षांतल्या सर्वांत मोठ्या साथीत ज्याची नोकरी गेली, त्याचा दवाखानाही गेला. या व्यवस्थेचा इतिहास दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जातो. त्याविषयी स्वतंत्र प्रकरण आहे.

२७ मार्च २०२० रोजी अध्यक्ष ट्रम्प यांची सही झालेला ‘केअर्स’ कायदा २.२ लाख कोटी डॉलरचा होता. सिनेटमध्ये तो ९६ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. आजच्या अमेरिकेत एखाद्या रस्त्याला नाव द्यायचे म्हटले तरी इतके एकमत होणे कठीण. प्रत्येक प्रौढाला १,२०० डॉलर, मुलामागे ५०० डॉलर. कागदी धनादेशांवर ट्रम्प यांचे नाव छापले गेले. लहान उद्योगांसाठी ३४९ अब्ज डॉलरचे कर्ज ठेवले होते आणि नोकर कामावर ठेवले तर ते माफ होणार होते. तो पैसा १६ एप्रिलला संपलाही. पुढे या योजनेत एकूण ८०० अब्ज डॉलरच्या आसपास गेले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दिसले की, त्यातला जेमतेम पाव ते एक-तृतीयांश हिस्सा ज्यांची नोकरी खरोखर जाणार होती अशा कामगारांपर्यंत पोहोचला. बाकीचा मालक आणि भागधारकांकडे राहिला. फसवणुकीचे प्रमाणही अफाट होते. लघुउद्योग खात्याच्या महानिरीक्षकांनी साथकाळातल्या दोन कर्जयोजनांत मिळून २०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम संशयास्पद हातांत गेल्याचा अंदाज नंतर दिला.

या कायद्यातली एक अट मराठी वाचकाने मुद्दाम पाहावी. नवरा-बायको एकत्र करविवरण भरत असतील, तर दोघांकडेही सोशल सिक्युरिटी क्रमांक असणे बंधनकारक होते. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याकडे तो असतो. पण एच-४ व्हिसावर आलेल्या, कामाची परवानगी नसलेल्या पत्नीकडे बहुधा फक्त कर भरण्यापुरता वेगळा क्रमांक असतो. अशा घरात नवरा वर्षानुवर्षे कर भरत असला, मुले अमेरिकेत जन्मलेली असली, तरी सबंध कुटुंबाला दमडी मिळाली नाही. भारतीय कुटुंबांत, आणि त्यांत मराठी कुटुंबांतही, असे घर अपवादात्मक नव्हते. डिसेंबर २०२० च्या कायद्याने नियम बदलला आणि मागची रक्कमही देऊ केली. परंतु मधल्या काळात नोकरी गेलीच, तर साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा, ही टांगती तलवार होतीच. जूनमध्ये ट्रम्प यांनी नवे एच-१बी व्हिसाधारक वर्षअखेरपर्यंत देशात येऊ नयेत असा आदेश काढला. जुलैत, ज्यांचे वर्ग पूर्ण ऑनलाइन आहेत अशा परदेशी विद्यार्थ्यांना परत पाठवण्याचा नियम आला. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेल्यावर आठवडाभरात तो मागे घेतला गेला. त्या आठवड्यात भारतातल्या किती घरांनी झोप गमावली असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

याच वेळी वॉल स्ट्रीटवर वेगळेच चालले होते. मार्चमध्ये चार वेळा घसरणीमुळे व्यवहार थांबवावे लागले. १९ फेब्रुवारीच्या शिखरापासून २३ मार्चपर्यंत एस अँड पी ५०० निर्देशांक सुमारे एक-तृतीयांश कोसळला. २३ मार्चलाच फेडरल रिझर्व्हने जाहीर केले की, लागतील तितके सरकारी रोखे खरेदी करू आणि बड्या कंपन्यांच्या कर्जालाही आधार देऊ. बाजार त्या दिवसापासून वळला आणि ऑगस्टमध्ये त्याने जुने शिखर पुन्हा गाठले. ऑगस्टमध्ये बेकारी आठ टक्क्यांहून अधिक होती. अधिकृत नोंदीनुसार ही मंदी फक्त दोन महिने टिकली, अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत आखूड. ज्याच्याकडे घर आणि शेअर होते त्याची संपत्ती महासाथीत वाढली. गृहकर्जाचे व्याज तीन टक्क्यांखाली आले, घरांच्या किमती चढल्या, आणि भाड्याने राहणारा तिथेच राहिला. फेडने अर्थव्यवस्था वाचवली हे खरे, आणि कुणाला आधी वाचवले हेही खरे. दोन्ही एकत्र मांडल्याशिवाय पुढचा राग समजत नाही.

ज्यांना घरी बसून काम करता आले नाही, त्यांचे काय झाले याचे उदाहरण म्हणून मी साउथ डकोटातल्या सू फॉल्स गावाचे प्रकरण विस्ताराने घेतले आहे. तिथल्या स्मिथफील्डच्या डुकराच्या मांसाच्या कारखान्यात सुमारे ३,७०० लोक काम करत, त्यांत अनेक देशांतून आलेले स्थलांतरित आणि निर्वासित होते. खांद्याला खांदा लावून, थंड हवेत, वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यापुढे उभे राहायचे काम. एप्रिलमध्ये तिथे शेकडो कामगारांना लागण झाली आणि कारखाना बंद पडला. देशभर असे कारखाने बंद पडू लागले तेव्हा २८ एप्रिलला ट्रम्प यांनी संरक्षण उत्पादन कायद्याखाली मांसप्रक्रिया उद्योग चालू ठेवण्याचा आदेश काढला. त्या दिवसांत या कामगारांना ‘अत्यावश्यक’ म्हटले जाई. त्यांच्यातल्या ज्यांच्याकडे कागदपत्रे नव्हती, त्यांना १,२०० डॉलर मिळाले नाहीत.

आता मतदानाकडे येतो. साथ आणि मतपेटी यांची पहिली टक्कर नोव्हेंबरमध्ये झाली असे समजले जाते. ती सात महिने आधीच विस्कॉन्सिनमध्ये झाली होती. ७ एप्रिल २०२० रोजी तिथे प्राथमिक निवडणूक आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची निवडणूक होती. डेमोक्रॅटिक गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी आदल्या दिवशी ती पुढे ढकलण्याचा आदेश दिला, रिपब्लिकन विधिमंडळाने विरोध केला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. मिलवॉकी शहरात एरवी १८० मतदानकेंद्रे असतात. त्या दिवशी केंद्रांवर काम करायला माणसेच नसल्याने फक्त पाच उघडली. लोक मास्क लावून तासन्‌तास रांगेत उभे राहिले. मिलवॉकीत कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी आहे आणि साथीची पहिली झळ त्यांनाच बसली होती. त्या रांगांतून दोन्ही पक्षांनी आपापला धडा घेतला. डेमोक्रॅटांनी टपाली मतदानावर भर दिला. ट्रम्प यांनी टपाली मतदान म्हणजे घोटाळा, असे पुढचे अनेक महिने सांगितले.

नोव्हेंबरमध्ये सुमारे दोन-तृतीयांश पात्र मतदारांनी मत दिले. शंभराहून अधिक वर्षांत एवढे मतदान झाले नव्हते. डेमोक्रॅटिक उमेदवार जो बायडन यांचे मतदार टपालाने, ट्रम्प यांचे मतदार केंद्रावर, अशी विभागणी आधीच झालेली. पेनसिल्व्हेनियात टपाली मतांचे लिफाफे मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आत उघडायला कायद्याने बंदी होती, आणि ती उठवण्यावर विधिमंडळ व गव्हर्नर यांचे जमले नाही. म्हणून रात्री ट्रम्प लाखो मतांनी पुढे दिसले आणि लिफाफे उघडत गेले तशी आघाडी वितळत गेली. बायडन यांनी ते राज्य सुमारे ८० हजार मतांनी जिंकले. निकाल स्पष्ट व्हायला ७ नोव्हेंबरचा शनिवार उजाडला. या चार दिवसांच्या पोकळीत ‘निवडणूक चोरली’ ही कथा रुजली. न्यायालयांत ती कुठेच टिकली नाही, पण ६ जानेवारी २०२१ रोजी कॅपिटॉलवर चालून गेलेल्या जमावाचा तिच्यावर पूर्ण विश्वास होता. साथ नसती तर एवढे टपाली मतदान झाले नसते, एवढी पोकळी राहिली नसती. ६ जानेवारीचे सगळे खापर विषाणूवर फोडता येत नाही. त्या दिवसाच्या कारणांत त्याला वगळताही येत नाही.

लशीची कहाणी मला या साऱ्या काळातली सर्वांत दुःखद वाटते, कारण ती यशाची आहे. विषाणूची जनुकीय रचना जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आणि ११ डिसेंबरला फायझरच्या लशीला तातडीचा परवाना मिळाला. ‘ऑपरेशन वॉर्प स्पीड’ ही ट्रम्प सरकारची योजना. लस यशस्वी ठरेल की नाही हे कळण्याआधीच सरकारने उत्पादनाची जोखीम पत्करली. रिपब्लिकन अध्यक्षाच्या कारकिर्दीतले हे सर्वांत मोठे काम त्याच्याच अनेक अनुयायांनी नाकारले. ऑगस्ट २०२१ मध्ये अलाबामातल्या कलमन गावच्या सभेत ट्रम्प यांनी लस घ्या म्हणताच गर्दीतून हुर्यो उठली. लस सर्वांना उपलब्ध झाल्यानंतरच्या काळात ट्रम्प यांना भरभरून मते देणाऱ्या काउंट्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त राहिले. माणसाने कुठल्या पक्षाला मत दिले यावरून तो साथीत जगण्याची शक्यता बदलावी, अशी वेळ त्या देशावर आली.

अमेरिकेच्या लसधोरणाचा एक धागा थेट पुण्यात येतो. आपल्या कंपन्यांना आधी माल मिळावा म्हणून अमेरिकेने त्याच संरक्षण उत्पादन कायद्याचा वापर केला. त्यामुळे लस बनवायला लागणाऱ्या कच्च्या मालाची निर्यात अडली. १६ एप्रिल २०२१ रोजी सीरम इन्स्टिट्यूटचे अदर पूनावाला यांनी ट्विटरवरून बायडन यांनाच साकडे घातले. तेव्हा महाराष्ट्रात दुसरी लाट ऐन भरात होती, प्राणवायूसाठी धावाधाव चालली होती. २५ एप्रिलला अमेरिकेने कोव्हिशील्डसाठी लागणारा कच्चा माल देण्याची घोषणा केली. सू फॉल्सचा कारखाना चालू ठेवणारा कायदा आणि हडपसरच्या कारखान्याचा माल अडवणारा कायदा एकच होता.

मार्च २०२१ मध्ये बायडन यांनी १.९ लाख कोटी डॉलरचा कायदा केला, या वेळी एकाही रिपब्लिकन मताशिवाय. त्यातल्या एका कलमासाठी मी या पुस्तकातली सर्वाधिक पाने दिली आहेत. मुलांसाठीची करसवलत अमेरिकेत आधीपासून होती, पण ती पूर्ण मिळायला पालकांची पुरेशी कमाई लागे. म्हणजे सर्वांत गरीब घरातल्या मुलाला सर्वांत कमी. नव्या कायद्याने ती अट काढली, रक्कम सहा वर्षांखालील मुलाला वर्षाला ३,६०० आणि मोठ्या मुलाला ३,००० डॉलर केली, आणि जुलैपासून दर महिन्याला २५० ते ३०० डॉलर थेट खात्यात येऊ लागले. सहा कोटींच्या आसपास मुलांच्या घरी हे पैसे पोहोचले. लोकांनी ते किराण्यावर, भाड्यावर, मुलांच्या कपड्यांवर आणि शाळेच्या सामानावर खर्च केले. मदतीचा हिशेब धरणाऱ्या पूरक मापनानुसार बालदारिद्र्य २०१९ मध्ये १२.६ टक्के होते, ते २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आले. अमेरिकेच्या नोंदीतला तो नीचांक.

कलमाची मुदत एका वर्षाची होती. मुदतवाढीसाठी सिनेटमध्ये पन्नासच्या पन्नास डेमोक्रॅटिक मते लागत होती. १९ डिसेंबर २०२१ रोजी वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅटिक सिनेटर जो मँचिन यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की, ज्या विधेयकात ती वाढ होती त्याला आपण मत देणार नाही. वेस्ट व्हर्जिनिया हे देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. जानेवारीत पैसे यायचे थांबले. २०२२ चे बालदारिद्र्य १२.४ टक्के, एका वर्षात दुपटीहून जास्त. दारिद्र्य कमी कसे करायचे हे त्या सरकारला ठाऊक नव्हते असे आता कुणी म्हणू शकत नाही.

बाकीची मदतही अशीच तारखेने संपली. भाडेकरूंना घरातून काढण्यावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये उठवली, जादा बेकारभत्ता सप्टेंबरमध्ये संपला, अन्नमदतीतली वाढ फेब्रुवारी २०२३ नंतर गेली. एप्रिल २०२३ पासून मेडिकेडची फेरतपासणी सुरू झाली आणि दोन कोटींहून अधिक लोक त्या आरोग्ययोजनेतून बाहेर पडले, त्यातले बहुतेक अपात्र ठरले म्हणून नव्हे, कागद वेळेत पोहोचले नाहीत म्हणून. ऑक्टोबर २०२३ मध्ये विद्यार्थीकर्जाचे हप्ते पुन्हा सुरू झाले. देणारा कायदा एकदाच गाजला. काढून घेणारी पत्रे घरोघर वेगवेगळ्या दिवशी आली, आणि तेव्हा सत्तेवर बायडन होते.

त्यात महागाई. जून २०२२ मध्ये ती ९.१ टक्के झाली, चाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. कारणांवर अर्थतज्ज्ञांचे आजही एकमत नाही. माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी फेब्रुवारी २०२१ मध्येच इशारा दिला होता की, एवढा पैसा एकदम ओतला तर किमती भडकतील. दुसरी बाजू दाखवून देते ती लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या बंदरांबाहेर ताटकळलेली शंभराहून अधिक जहाजे, चिप नसल्याने न बनलेल्या मोटारी, युक्रेन युद्धामुळे चढलेले इंधन. युरोपात एवढी खैरात न करताही महागाई तितकीच वाढली, याचे वजन माझ्या मते मोठे आहे. तरी समर्स पूर्णपणे चुकले असेही मला वाटत नाही. राजकारणासाठी मात्र कारणापेक्षा व्याप्ती महत्त्वाची ठरली. बेकारी शंभरातल्या दहा-पंधरांना गाठते, महागाई शंभरांनाही. २००८ च्या संकटानंतर गेलेल्या नोकऱ्या भरून निघायला सहा वर्षे लागली होती. या वेळी त्या सव्वादोन वर्षांत परत आल्या, आणि सर्वांत कमी पगार असलेल्यांचे वेतन सर्वांत वेगाने वाढले. पण वाढलेले वेतन माणसाला स्वतःच्या कष्टाचे वाटले आणि वाढलेली किंमत सरकारची. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांनी चुरशीची सातही राज्ये जिंकली.

या साथीत अमेरिकेत अकरा लाखांहून अधिक माणसे मेली. त्यांच्या नावाने २०२४ च्या प्रचारात फारसे कुणी बोलले नाही. बंद शाळांबद्दल बोलले गेले आणि ते रास्तच होते. नऊ वर्षांच्या मुलांचे गणिताचे गुण राष्ट्रीय चाचणीत त्या मालिकेच्या इतिहासात प्रथमच घसरले होते. मृतांचा विषय दोन्ही पक्षांना अडचणीचा होता. काही आपल्या कारकिर्दीतले, काही दुसऱ्याच्या.

हे लिहीत असताना गोष्टी बदलतच आहेत. २० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, ट्रम्प यांनी जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला. लशींविषयी वर्षानुवर्षे शंका पसरवणारे रॉबर्ट केनेडी ज्युनिअर आरोग्यमंत्री झाले. ऑगस्टमध्ये त्यांच्या खात्याने एमआरएनए लशींच्या संशोधनाचे सुमारे ५० कोटी डॉलरचे २२ प्रकल्प बंद केले. ज्या तंत्राने अकरा महिन्यांत लस दिली तेच हे तंत्र. त्याआधी ४ जुलैला मोठा करकायदा झाला आणि त्यात मुलांसाठीची सवलत २,००० वरून २,२०० डॉलर झाली, या वेळी मुदत न घालता. कमाईची जुनी अट तशीच ठेवली आहे. त्यामुळे ज्यांच्या आईवडिलांची मिळकत फारच थोडी, त्या लक्षावधी मुलांना ती पूर्ण मिळत नाही.